मोठे इंजिन की लांब बोट?

पानशेत धरणाच्या फुगवट्यापलीकडे आमच्या घराण्याची थोडी वरकस जमीन आहे. खालची भातखाचरे धरणात गेली आणि डोंगरउताराचा वरचा तुकडा तेवढा राहिला. तिथे पोहोचायचे, तर डोंगराला वळसा घालून खडबडीत रस्त्याने दीड तास गाडी हाकावी लागते, नाही तर सरळ पाण्यातून जावे लागते. पाण्यातून अंतर साधारण आठ किलोमीटर आहे. म्हणून आमच्याकडे एक बोट आहे. ती सोळा फुटी, फायबरची, गोल तळाची असून तिच्या मागे ९.९ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन लावलेले आहे. खताची पोती, रोपे, पाण्याचे पाइप आणि चार-पाच माणसे घेऊन ती तासाला अकरा किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे जायला पाऊण तास लागतो. शेतीचे सारे पाहणारे माझे चुलते, नाना, यांना हा पाऊण तास खुपतो. ‘‘अरे, इंजिन बदल. पंचवीसचं घे, नाही तर एकदम चाळीसचं. पैसे लागतील, पण वेळ तर वाचेल,’’ असा त्यांचा धोशा आहे. माझे म्हणणे असे की, तेवढेच पैसे बोटीच्या बांध्यात घालावेत आणि इंजिन आहे तेच ठेवावे. आमच्या घरात यावर बरीच चर्चा झाली आहे. छोटी बोट बाळगणाऱ्या कोणाच्याही पुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच, म्हणून माझी बाजू येथे सविस्तर मांडत आहे.

मोटार आणि बोट यांची गणिते मुळात वेगळी आहेत, आणि नानांचा आग्रह मोटारीच्या गणितावर उभा आहे. रस्त्यावर इंजिनाची ताकद वाढवली की गाडी पळते, कारण रस्ता गाडीखाली हलत नाही. पाणी हलते. बोट पुढे सरकताना नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, पाणी वर उचलले जाते, बाजूने खाली बसते आणि मागे पुन्हा वर येते, म्हणजे बोट स्वतःची लाट स्वतःबरोबर घेऊन चालते. या लाटेचा वेग बोटीच्या वेगाइतकाच असावा लागतो, आणि खोल पाण्यात लाट जितकी वेगवान तितकी ती लांब असते, हा निसर्गाचा नियम आहे. सोप्या आकड्यांत सांगायचे, तर लाटेच्या मीटरमधील लांबीचे वर्गमूळ काढून त्याला साडेचाराने गुणले की तिचा ताशी किलोमीटरमधील वेग मिळतो. आमच्या बोटीची पाण्यालगतची लांबी पंधरा फूट, म्हणजे ४.६ मीटर आहे. तिचे वर्गमूळ २.१५ धरले, तर वेग येतो सुमारे ९.७ किलोमीटर. या वेगाला बोटीची नाळ एका लाटेच्या माथ्यावर असते आणि मागची फळी बरोबर तिच्या मागच्या लाटेच्या माथ्यावर. इथपर्यंत सारे सुरळीत चालते. त्याहून वेग वाढवायला गेले की लाट बोटीपेक्षा लांब होते, मागचा भाग दोन लाटांमधल्या खोलगट जागेत बसतो, नाळ वर उठते आणि बोट आपणच उभी केलेली चढण चढू लागते. तिथून पुढे इंजिनात ओतलेल्या ताकदीचा मोठा हिस्सा ती चढण अधिक उंच करण्यातच खर्च होतो.

हे पुस्तकी ज्ञान नानांना सांगून उपयोग नव्हता, म्हणून एक साधा प्रयोग केला. एका परिचितांची मोठी बोट घेतली, आमच्या बोटीचे इंजिन वर उचलून ठेवले आणि दोन्ही बोटींच्या मध्ये लांब दोर बांधून त्या दोराला ताणकाटा लावला. बाजारात धान्याची पोती टांगून मोजण्यासाठी वापरतात, तोच हा काटा. पुढची बोट उठवते त्या लाटांच्या बाहेर आमची बोट राहावी, म्हणून दोर मुद्दाम लांब घेतला आणि किंचित तिरपा ओढला. मी नाळेशी पालथा पडून काटा वाचत होतो आणि चुलतभाऊ मोबाइलवरचा जीपीएस पाहून वेग ओरडून सांगत होता. ताशी सहा किलोमीटरला काटा आठ किलोच्या आसपास स्थिर उभा राहिला. आठ किलोमीटरला तो अठरा-वीसवर गेला. दहाला तो पंचेचाळीस आणि पन्नासच्या मध्ये थरथरत होता. त्यापुढे पुढच्या बोटीने थोडा जोर लावताच काटा साठ ओलांडून गेला, पण वेग अकराच्या पलीकडे जाईना. सहावरून दहावर जाताना वेग पावणेदोनपटही वाढला नव्हता, ओढ मात्र सहापट झाली होती. ताकद म्हणजे ओढ गुणिले वेग, त्यामुळे इंजिनावरचा भार तर दहापट झाला होता. नाना काठावरच्या खडकावर बसून हे सारे पाहत होते. काट्याचे आकडे कागदावर लिहून दाखवल्यावर त्यांनी एवढेच विचारले, ‘‘मग पंचवीसच्या इंजिनाला किती पळेल?’’ या आकड्यांची रेघ पुढे ओढली, तर माझ्या अंदाजाने चौदा, फार तर पंधरा. अडीचपट ताकद, तासाला अडीचपट पेट्रोल, आणि वाचणार दहा-अकरा मिनिटे! तेही मोठ्या इंजिनाचे जादा वजन मागच्या फळीवर आल्याने ती आणखी खाली बसणार नाही, असे गृहीत धरल्यास.

बोटी ओढून त्यांचा विरोध मोजण्याची पद्धत अर्थात माझी नाही. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८६०च्या दशकात ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ नावाच्या दोन आकारांच्या प्रतिकृती तयार केल्या, प्रत्येकीची लहान, मध्यम आणि मोठी आवृत्ती बनवली आणि त्या नदीत ओढून पाहिल्या. एक आकार अणकुचीदार, दुसरा बोथट. त्या काळच्या समजुतीप्रमाणे अणकुचीदार आकाराने सर्व वेगांना बाजी मारायला हवी होती, पण तसे झाले नाही. एक आकार कमी वेगाला सरस ठरला, तर दुसरा जास्त वेगाला. ‘उत्तम आकार’ असे काही नसते, विशिष्ट वेगासाठी उत्तम आकार असतो, ही गोष्ट तेव्हापासून स्पष्ट आहे. पुढे ब्रिटिश नौदलाच्या खर्चाने त्याने टॉर्की येथे आपल्या घराशेजारी प्रतिकृती ओढण्याचा लांब हौद बांधला आणि वेग व लांबी यांचे जे गुणोत्तर मांडले, ते आज ‘फ्रूड क्रमांक’ म्हणून ओळखले जाते. पुणेकरांना हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. पानशेतकडे जाताना खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा लागते. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेत धरणांच्या सांडव्यांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती बांधून पाण्याचा अभ्यास होतो, आणि प्रतिकृतीतला प्रवाह खऱ्या प्रवाहाशी जुळवताना हाच फ्रूड क्रमांक वापरला जातो. आम्ही बोट घेऊन जातो, त्या रस्त्यावरच हे शास्त्र रोज कामाला लागलेले असते.

आता नानांच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे, तो टाळणे योग्य होणार नाही. पर्यटकांना फिरवणाऱ्या स्पीडबोटी ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने पळतात, त्या काही लाटेची चढण चढत बसत नाहीत. ते कसे? त्या बोटींचा तळ मागच्या बाजूला सपाट किंवा उथळ व्ही आकाराचा असतो आणि मागची कड धारदार कापलेली असते. पुरेशी ताकद मिळाली की पाणी त्या तळाला खालून वर रेटते, बोट आपली लाट ओलांडून पाण्याच्या पृष्ठभागावर येते आणि मग तिचे वजन मुख्यतः हा रेटाच तोलून धरतो. अशा बोटीला मोठे इंजिन खरोखरच वेग देते, पण तिथेही सरळ हिशेब नसतो. वेग साधारणपणे ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वीस टक्के जास्त वेग हवा असेल, तर ताकद चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढवावी लागते. आणि मुळात पाण्यावर येण्यासाठीच वीस ते पंचवीस किलो वजनामागे एक अश्वशक्ती लागते, असा ठोकताळा आहे. आमची बोट, माणसे आणि पोती मिळून वजन हजार किलोच्या घरात जाते. म्हणजे चाळीस-पन्नास अश्वशक्ती हवी, आणि तळही सपाट हवा. आमच्या बोटीचा तळ गोल आहे आणि मागे वर उचललेला आहे. मासेमारीच्या पारंपरिक होड्यांचा असतो तसा तो आहे. असा तळ हळू चालताना पाणी अलगद सोडतो, पण जोर लावला की तेच पाणी त्याला खाली खेचते. त्याला चाळीसचे इंजिन लावणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय मागची फळी ज्या ताकदीसाठी बांधलेली आहे, तिच्या बाहेर जाणे धोक्याचे आहे. जोराने धावताना अचानक इंजिन बंद केले, की मागून येणारी स्वतःचीच लाट फळीवरून आत शिरते, आणि फळी वजनाने आधीच खाली गेलेली असेल, तर बोट भरायला एवढे एकच निमित्त पुरते.

एका विक्रेत्याने मला सांगितले की, पंचवीसच्या इंजिनाने वेग दुप्पट होईल. त्याने बोट पाहिली नव्हती, तळाचा आकार विचारला नव्हता आणि वजनही विचारले नव्हते. इंजिन विकणाऱ्याकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा ठेवणेही चूकच.

सपाट तळाची नवी बोट आणि चाळीसचे इंजिन असे दोन्ही घेतले, तर? वेग मिळेल, नाही असे नाही. परंतु तसे इंजिन पूर्ण जोरावर तासाला बारा-तेरा लिटर पेट्रोल पिते, आणि पुण्यात पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडून बराच काळ झाला आहे. पोती उतरवून रिकामी परतताना अशी बोट झकास पळेल, पण भरलेली असताना अर्धवट वर उठून, नाक आभाळाकडे करून, सर्वांत महागड्या वेगाला रेंगाळेल. ज्याचे ओझे रोज बदलते, त्याने अशा बोटीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा मार्ग लांब आणि अरुंद बोटीचा आहे, आणि त्याचा पुरावा पाहायला पुण्याबाहेर जावे लागत नाही. मुळा-मुठेच्या पात्रात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) बोट क्लबची मुले वल्ही मारताना पुलावरून अनेकांनी पाहिली असतील. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात सेनेचे रोइंगचे केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोही येथून सैन्यात आलेला दत्तू भोकनळ तिथेच घडला आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. आता त्या एकेरी नौकेकडे बोट बांधणाऱ्याच्या नजरेने पाहा. लांबी सुमारे सव्वाआठ मीटर, पाण्यालगतची रुंदी जेमतेम फूटभर, वजन चौदा किलो. वर सांगितलेल्या वर्गमुळाच्या हिशेबाने तिची मर्यादा तासाला तेरा किलोमीटरच्या आत यायला हवी. प्रत्यक्षात या दर्जाचे खेळाडू दोन हजार मीटर सुमारे सात मिनिटांत पार करतात, म्हणजे ताशी सतरा किलोमीटर! आणि हे किती ताकदीवर? अर्ध्या किलोवॅटच्या आसपास, म्हणजे पाऊण अश्वशक्तीहूनही कमी. पाऊण अश्वशक्तीचा माणूस आमच्या ९.९ अश्वशक्तीच्या बोटीला सहज मागे टाकतो. वजनाचा फरक मोठा आहे हे मान्य, पण केवळ वजनाने हे कोडे सुटत नाही. खरे कारण असे की, वर्गमुळाची ती मर्यादा जाड्या बोटींची आहे. बोट लांबीच्या मानाने पुरेशी अरुंद आणि हलकी असेल, तर ती पाणी बाजूला सारतेच मुळी इतके कमी की तिच्या लाटेला फारशी उंची येत नाही. उंचीच नाही, तर चढण कसली? ती मर्यादा ओलांडताना अशा बोटीला काही जाणवतही नाही. तिला पुढे अडवते ते पाण्याचे घर्षण, आणि ते वेगाबरोबर वाढत असले तरी लाटेसारखे एकाएकी अंगावर येत नाही.

हे एकदा लक्षात आले की बोटीमागची लाट पाहण्याची सवयच लागते. आमची बोट पूर्ण जोरात जाते, तेव्हा मागे गुडघाभर उंचीची लाट उठते आणि ती काठापर्यंत जाऊन मातीची ढेकळे पाण्यात पाडते. ती लाट म्हणजे आम्ही जाळलेले पेट्रोलच आहे. शिवाय फुगवट्यात ट्यूबवर बसून जाळी टाकणारे लोक असतात. लाट आली की त्यांना जाळे सोडून ट्यूब धरावी लागते, आणि आम्ही दिसल्यावर ते हात हलवतात तो नमस्कारासाठी नव्हे, वेग कमी करा म्हणून. मोठ्या इंजिनाने ही लाट आणखी वाढेल. नानांना पेट्रोलच्या हिशेबापेक्षा हा मुद्दा लवकर पटला, कारण त्या लोकांपैकी निम्म्यांना ते लहानपणापासून ओळखतात.

नव्या बांध्याचा हिशेब मी असा केला. पाण्यालगतची लांबी २४ फूट, रुंदी चार फुटांच्या आत, आणि वर काठाशी बाजू बाहेर पसरून साडेपाच फूट. एवढ्या लांबीला वर्गमुळाचा वेग १२.२ किलोमीटर येतो, म्हणजे नुसत्या लांबीनेच जुन्या बोटीपेक्षा पाव हिश्श्याने जास्त. त्यात बोट अरुंद असल्यामुळे त्या वेगापुढे जातानाही ओढ एकदम वाढणार नाही. घर्षण आणि लाट दोन्ही धरून माझ्या आकडेमोडीप्रमाणे आठशे-नऊशे किलो वजनाला ताशी पंधरा-सोळा किलोमीटर वेग याच ९.९ अश्वशक्तीच्या इंजिनावर मिळायला हवा, आणि तोही इंजिन शेवटपर्यंत न पिळता. पाऊण तासाचा अर्धा तास होईल, पेट्रोल मात्र तासाला तीन लिटरच्या आसपासच राहील, आणि प्रवास लवकर संपल्याने दर फेरीला उलट कमीच लागेल. कोकणातल्या एका बोट बांधणाऱ्या कारागिराकडून मिळालेला दर आणि पंचवीसच्या नव्या इंजिनाची किंमत यांत फारसा फरक नाही. म्हणजे प्रश्न खरोखरच ‘हे की ते’ असाच आहे.

पण यात आणखी एक पदर आहे, आणि माझ्या मते छोट्या बोटींच्या मालकांचे सर्वाधिक पैसे तिथेच वाया जातात. तो म्हणजे पंखा. इंजिनाची ताकद पाण्यात उतरते ती पंख्यातून, आणि इंजिनाबरोबर येणारा पंखा कुठल्याशा सरासरी बोटीसाठी, समुद्रसपाटीवर चालवण्यासाठी निवडलेला असतो. पानशेतचे पाणी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंचावर आहे. तिथे हवा विरळ असल्याने इंजिन साधारण सहा टक्के ताकद गमावते आणि एप्रिल-मेच्या उन्हात आणखी थोडी. आमच्या इंजिनाची आवर्तने पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला पाच ते सहा हजारांमध्ये असावीत, असे पुस्तिकेत लिहिले आहे. मोजली, तर भरल्या बोटीत ती साडेचार हजारांपर्यंतच जात होती. म्हणजे ९.९ ची म्हणून घेतलेली ताकद आम्हाला कधी पुरती मिळतच नव्हती. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, एक व्यासाचा आणि दुसरा पिचचा. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, पाणी लोण्यासारखे घट्ट असते तर, जितके इंच पुढे गेला असता ते अंतर. जड, हळू बोटीला मोठा व्यास आणि कमी पिच हवा, हलक्या, वेगवान बोटीला याच्या उलट. पिच एक इंचाने कमी केला की आवर्तने साधारण दीड-दोनशेने चढतात, आणि लहान इंजिनांवर त्याहूनही जास्त. आम्ही दोन इंच कमी पिचचा पंखा बसवला, पेट्रोलची टाकी आणि पोती मागून पुढे सरकवली, तळावरचे शेवाळ घासून काढले. या सर्वाला लागलेला खर्च मोठ्या इंजिनाच्या तुलनेत अगदी किरकोळ होता, आणि वेग जवळजवळ एक किलोमीटरने वाढला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंजिनाचे घुसमटणे थांबले. मोठ्या इंजिनाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी आपली आवर्तने मोजावीत.

पंख्याकडे दुर्लक्ष केले, तर उत्तम बांधा आणि उत्तम इंजिन एकत्र येऊनही काय होते, याचे उदाहरण ‘टर्बिनिया’ या बोटीचे आहे. चार्ल्स पार्सन्स याने आपल्या वाफेच्या टर्बाइनची ताकद दाखवण्यासाठी १८९४ साली ही बोट पाण्यात उतरवली. लांबी सुमारे १०४ फूट आणि रुंदी अवघी नऊ फूट, म्हणजे बांधा सुरीसारखा. इंजिन तर जगात नवे. तरीही सुरुवातीला तिला अपेक्षित वेग येईना. पंखा इतक्या वेगाने फिरत होता की त्याच्या पात्यांमागे पाण्याची वाफ होऊन पोकळ्या तयार होत आणि पंखा पाण्याऐवजी त्या पोकळ्याच घुसळत बसे. पार्सन्सने काचेच्या खिडकीची लहानशी टाकी करून हा प्रकार डोळ्यांनी पाहिला आणि शेवटी एका दांड्याऐवजी तीन दांडे व प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसवले. त्यानंतर १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या नौदल संचलनात ही बोट चौतीस नॉटच्या, म्हणजे ताशी त्रेसष्ट किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने युद्धनौकांच्या रांगांमधून धावली आणि नौदलाची कोणतीही बोट तिला गाठू शकली नाही. नव्या इंजिनाच्या जाहिरातीसाठी पार्सन्सने बांधा मात्र जगातल्या सर्वांत सडपातळ बांध्यांपैकी एक निवडला होता, हे विसरले जाते.

लांब बोटीचे तोटे मला दिसत नाहीत, असे नाही, आणि नानांनी ते एकेक करून पुढे ठेवलेच. अरुंद बोट डुलते. एका बाजूने कोणी उठून उभे राहिले की सगळ्यांना सावरून बसावे लागते. याला उपाय म्हणून बाजू वर पसरट ठेवल्या आहेत, म्हणजे बोट कलली की पसरलेला भाग पाण्यावर टेकून तिला आधार देईल. पावसाळ्यात डोंगरावरून अचानक येणारा वारा लांब बोटीला आडवी करू पाहतो आणि ती सोळा फुटीइतकी चटकन वळत नाही. सर्वांत मोठी अडचण उन्हाळ्यातली आहे. पानशेतचा उपयुक्त साठा १०.६५ टीएमसी असला, तरी मे महिन्यापर्यंत पुण्याची आणि शेतीची तहान भागवता भागवता पाणी इतके उतरते की काठ आणि पाणी यांच्यात चिखलाचा रुंद पट्टा तयार होतो. सोळा फुटी बोट चार माणसे चिखलावरून ओढतात. चोवीस फुटीला सहा लागतील, आणि शेतात सहा धडधाकट माणसे एका वेळी हाताशी मिळणे हीच आजकाल दुर्मीळ गोष्ट आहे. ट्रेलरवर घालून ती पुण्याला दुरुस्तीला आणायची, तर सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे इंजिनाच्या बोटीची नोंदणी आणि तपासणी असते, ती नव्या बोटीसाठी पुन्हा करावी लागेल. इंजिन बदलले असते, तरी कागदपत्रांची कटकट सुटली नसतीच, एवढेच समाधान.

या सर्वांत मला अवघड वाटला तो एकच आक्षेप, आणि तोही नानांचाच. ते म्हणाले, ‘‘तुझी बोट चालेल, हे मान्य. पण ती चालवणार मी. जुनी बोट कशीही भरली तरी चालायची. हिला मात्र प्रत्येक वेळी वजन तोलून भरावी लागेल ना?’’ हे अगदी बरोबर आहे. चांगला बांधा चालवणाऱ्याकडून शिस्त मागतो. मोठे इंजिन निष्काळजीपणाची भरपाई पेट्रोलने करून देते, लांब बांधा ती करत नाही. पोती एका कुशीला रचली, तर बोट कलून चालेल. सगळे वजन मागे आले, तर मागची फळी पाण्यात बुडून तिच्यामागे भोवरे उठतील आणि केलेला सगळा हिशेब फुकट जाईल. ‘‘अहो नाना, तुम्ही बैलगाडी भरताना जूवर ओझे येणार नाही, असे बघत होताच की,’’ असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी बैलगाडी बुडत नाही, असे उत्तर दिले.

शेवटी कारागिराला ज्या सूचना पाठवल्या आहेत, त्यांत हा आक्षेप ध्यानात घेतला आहे. पोती ठेवण्याची जागा बोटीच्या लांबीच्या मध्यापासून थोडी मागे, तळालगत, आणि दोन्ही बाजूंना लाकडी आडवे अडसर, म्हणजे ओझे सरकायला नको. बसण्याच्या फळ्या आडव्या आणि काठापेक्षा बऱ्याच खाली. नाळेत आणि मागे बंद हवेचे कप्पे, बोट भरली तरी तरंगत राहावी म्हणून. मागची फळी वीस अश्वशक्तीचे वजन आणि जोर सहन करील इतकी जाड, कारण नानांचे समाधान तेवढ्याशिवाय होईना आणि पुढेमागे विजेचे इंजिन लावायचे झाले तरी ती जाडी कामाला येईल. विजेच्या इंजिनाला बॅटरीचे वजन आणि मर्यादित ताकद या दोन्ही अडचणी असल्याने हलक्या, सडपातळ बांध्याशिवाय त्याचा विचारच करता येत नाही. तळाला मधोमध एक बुटकी, लांब पट्टी आहे, वाऱ्यात बोट सरळ राहावी आणि चिखलावरून ओढताना फायबर घासू नये, अशा दोन्ही कामांसाठी. रुंदीबद्दल मात्र अजून एकमत नाही. मला पाण्यालगत चार फुटांच्या आत हवे आहेत, कारागीर साडेचार म्हणतो, आणि नानांनी खताचे पोते आडवे ठेवून मोजले, तेव्हा त्यांचे माप कारागिराच्या बाजूने निघाले. साडेचार फुटांना ताशी एखाद किलोमीटर कमी पडेल, असा माझा अंदाज आहे. साचा घालायच्या आधी त्या मापाची लहान प्रतिकृती करून ती ताणकाट्याने नाही, पण भाजीच्या तराजूने तरी ओढून पाहावी, असे चुलतभावाशी बोलून ठेवले आहे.